संमतीच्या यादीतली लॅटिन

"ज्या महाविद्यालयात विश्वस्त, प्रशासक आणि प्राध्यापक हातात हात घालून कारभार करतात, त्या महाविद्यालयाला काळसुद्धा हात लावू शकत नाही."

हे वाक्य लॉर्न टटलनं हॅडलोव्ह कॉलेजच्या प्राध्यापक सभेत, सप्टेंबरच्या पहिल्या बैठकीत उच्चारलं. उजवा हात किंचित वर धरून. टाळ्या पडल्या. मग रसायनशास्त्राच्या एकानं विचारलं, हातात हात घालायला हरकत नाही, पण वाक्यात विश्वस्त आधी का? त्यावर चर्चा सुरू झाली, बैठक संपली तरी ती संपेना, म्हणून ती ऑक्टोबरच्या बैठकीवर ढकलण्यात आली. काळ बाहेर थांबला होता. त्याला काही घाई नव्हती.

लॉर्न आमच्या सभेचा सभापती. राज्यशास्त्राचा प्राध्यापक, लोकशाही शिकवायचा. गावच्या शाळा समितीच्या निवडणुकीत तो दोनदा पडला होता. यात काही विसंगती आहे असं त्याला वाटत नसे, आणि त्याच्या तोंडावर आम्हीही तसं म्हणत नसू. मी त्याच्या शेजारच्या घरात राहतो. निवृत्त झालो तरी सभेला जायचो; निवृत्तांना मागच्या रांगेत बसता येतं, मत देता येत नाही आणि खाण्याच्या टेबलाशी सगळ्यात आधी पोचता येतं. यापेक्षा बरी व्यवस्था मी कुठल्याही घटनेत पाहिलेली नाही.

लॉर्नच्या त्या वाक्यामागे इतिहास होता. काही वर्षांपूर्वी विश्वस्तांनी भर उन्हाळ्याच्या सुटीत आमचा जर्मन विभाग बंद केला. कुणाला विचारलं नाही, सांगितलंही नाही. जर्मनच्या बाईंना ती बातमी कळली ती खोलीचं कुलूप उघडेना तेव्हा. त्या आधी किल्लीला दोष देत राहिल्या, मग कुलूपवाल्याला. कुलूपवाल्यानं त्यांना खरं काय ते सांगितलं, आणि वर सॉरी म्हणाला. कॉलेजच्या वतीनं त्या प्रकरणात कुणी सॉरी म्हटलं असेल तर ते त्यानंच.

मग आम्ही पेटलो. म्हणजे आमच्या आयोवात माणसं जितकी पेटतात तितके. काळ्या फिती लावल्या, प्रार्थनामंदिराच्या पायऱ्यांवर मुकाट्यानं उभे राहिलो. कॉलेजच्या त्या वेळच्या प्रेसिडेंटवर अविश्वासाचा ठराव केला. तो ठराव कडकपणाचं प्रशस्तिपत्र म्हणून दाखवून तो दुसऱ्या कॉलेजात जास्त पगारावर गेला. पण लॉर्ननं पिच्छा सोडला नाही. पत्रं लिहिली, विश्वस्तांच्या घरी जाऊन त्यांच्या स्वयंपाकघरांत बसला, त्यांच्या नातवंडांची नावं पाठ केली. आणि शेवटी विश्वस्तांनी सही केली: यापुढे प्राध्यापक सभेनं मत दिल्याशिवाय कुठलाही विभाग बंद होणार नाही.

त्या दिवशी हिरवळीवर छोटा समारंभ झाला. लिंबाच्या वड्या थीडा ब्रँडवोल्डनं करून आणल्या होत्या. थीडा म्हणजे आमचा लॅटिन-ग्रीकचा विभाग. विभागप्रमुख तीच, प्राध्यापक तीच, कुंड्यांना पाणी घालणारीही तीच. तिच्या वर्गात पाच मुलं बसली तर ती गर्दी. जर्मन गेल्यावर पुढचा नंबर कुणाचा, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. लॉर्न वडी हातात घेऊन तिच्याकडे गेला.

"थीडा, आता निश्चिंत राहा," तो म्हणाला. "तुझ्या विभागाला हात लावायचा तर त्यांना आधी माझ्या सभेतून जावं लागेल."

"तुझ्या सभेतून काही जिवंत बाहेर पडलेलं मी अजून पाहिलं नाहीये," थीडा म्हणाली. "तेव्हा ठीक आहे."

दोघंही हसले. पण तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, हे मी पाहिलं. पुढे वर्षभर ती कॉरिडॉरमध्ये गुणगुणत चालायची.

आता संमतीच्या यादीबद्दल सांगायला हवं. आमच्या सभेपुढे बरेच विषय असे येतात, की ज्यांत कुणाला रस नसतो: एखाद्या अभ्यासक्रमाचा क्रमांक बदलला, प्रयोगशाळेचं नाव बदललं. असे सगळे विषय एका गठ्ठ्यात बांधायचे आणि एका मतात चर्चेविना मंजूर करायचे, याला संमतीची यादी म्हणतात. कुणाही एका सभासदानं नुसतं बोट वर केलं की हवा तो विषय गठ्ठ्यातून बाहेर काढून चर्चेला घ्यावा लागतो. कारण द्यायचं नाही, पाठिंबा लागत नाही. इतकी सोपी, इतकी सभ्य सोय आहे की ती कधी कुणी वापरलेली मला आठवत नाही.

ऑक्टोबरच्या बैठकीआधी आमच्या डीन, ग्वेन स्पॅल्डिंग, लॉर्नला कॉफीच्या यंत्रापाशी भेटल्या. ग्वेन सरळ बाई. कटकारस्थान करण्याइतका वेळ त्यांच्याकडे नव्हता, आणि हौसही नव्हती. त्यांनी विचारलं, सातवा विषय वेगळा घेणार का, जरा नाजूक आहे. लॉर्नच्या हातात त्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा होता: 'सहभागी कारभाराचं निवेदन'. त्याच्या पहिल्या ओळीत तिघांपैकी कुणाचं नाव आधी घालायचं, यावर त्याला पूर्ण बैठक हवी होती. तो म्हणाला, सगळं संमतीच्या यादीत टाका.

"नक्की?" ग्वेननं विचारलं.

"ग्वेन, कारभार वाटून घेणं म्हणजे एकमेकांवर विश्वास टाकणं," लॉर्न म्हणाला, आणि यंत्रातून कप काढून घेतला.

ग्वेनना वाटलं, लॉर्नचं थीडाशी बोलणं झालेलं दिसतंय, म्हणून तर इतका निवांत आहे. सातवा विषय होता, 'अभिजात भाषा: साधनसामग्रीची पुनर्रचना'. मागे पानं जोडली होती. पुनर्रचना म्हणजे येत्या जूनमध्ये विभाग बंद, आणि जे विद्यार्थी मधेच अडकतील त्यांनी दुसरा विषय घ्यावा, हे त्या पानांत स्वच्छ लिहिलं होतं. काहीही लपवलेलं नव्हतं. जोडलेली पानं वाचायची असतात, हे आम्ही विद्यार्थ्यांना दर सत्राच्या सुरुवातीला सांगतो.

थीडानंही मथळा पाहिला होता. पण तिला कॉलेजनं आजवर तळघरातून माळ्यावर आणि माळ्यावरून जुन्या जिमखान्याच्या वर इतक्यांदा हलवलं होतं, की आता आणखी कुठेतरी हलवणार, एवढाच अर्थ तिनं घेतला. फडताळं तरी नीट बसावीत, असं ती मला म्हणाल्याचं आठवतं.

बैठक भरली. थीडा नेहमीसारखी खिडकीशी विणत बसली. तिच्या घरी एक म्हातारा कुत्रा होता, त्याला वेळेवर बाहेर काढावं लागे. त्यामुळे कुणीही, कसलाही प्रस्ताव मांडला की थीडा विणकामातून मान वर न करता अनुमोदन देऊन टाकायची. आमच्या सभेला जो काही वेग होता, तो त्या कुत्र्यामुळे होता.

लॉर्ननं विचारलं, संमतीच्या यादीतून कुणाला काही वेगळं काढायचंय का. कुणी बोट वर केलं नाही. संगीताच्या प्राध्यापकानं यादी मंजूर करावी असा प्रस्ताव मांडला.

"अनुमोदन," खिडकीकडून आवाज आला.

"विरोध? नाही. एकमतानं मंजूर," लॉर्न म्हणाला.

सगळं मिळून एखादी शिंक येऊन जावी इतका वेळ लागला. मग त्यानं घसा साफ केला, मसुदा उचलला, आणि खरी बैठक सुरू झाली.

त्या बैठकीचं वर्णन मी थोडक्यात करतो, कारण सविस्तर वर्णन इतिवृत्तात आहे आणि ते कुणी वाचलेलं नाही. इंग्रजी वर्णक्रमानं नावं घालावीत, असं एकानं सुचवलं. तसं केलं तर प्रशासक पहिले येतात, हे लक्षात आल्यावर इतिहासवाल्यांना वर्णक्रमाच्याच हेतूबद्दल शंका आली. वयाच्या क्रमानं घालावीत, असं दुसऱ्यानं सुचवलं. तेव्हा कॉलेज आधी की मास्तर आधी, हा प्रश्न निघाला आणि तो नॉर्वेहून आलेल्या संस्थापकांपर्यंत मागे गेला. तत्त्वज्ञानाचा प्रुइट म्हणाला, तिन्ही नावं वर्तुळात छापावीत, म्हणजे कुणीच पहिलं राहणार नाही. सभा या कल्पनेनं क्षणभर हेलावली. मग गणिताच्या एका तरुण बाईंनी विचारलं, की वर्तुळ वाचायला सुरुवात कुठून करायची. प्रुइट म्हणाला, तोच तर मुद्दा आहे. शेवटी प्राध्यापक आधी घालायचे ठरलं, आणि खाली टीप द्यायची, की क्रमाला काही अर्थ नाही. निवेदन टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झालं. थीडानं सुया खाली ठेवून टाळ्या वाजवल्या आणि कुत्र्याकडे गेली.

पुढच्या महिन्यात विश्वस्त मंडळाची बैठक होती. प्राध्यापक सभेचा सभापती त्या टेबलाशी बसण्याची ती पहिलीच वेळ. लॉर्ननं नवीन टाय घेतला. टेबलावर हॅम सँडविच आणि लोणच्याच्या काकड्या होत्या. मंडळाचे अध्यक्ष डेल वेस्टरगार्ड यांच्या डुकरांच्या खाद्याच्या गिरण्या चार परगण्यांत आहेत. मोठ्या पंजांचा, हळू बोलणारा माणूस. लॉर्ननं निवेदन वाचून दाखवलं. विश्वस्तांनी ते प्रवचन ऐकावं तसं हात मांडीवर ठेवून ऐकलं. टीपही ऐकली. पुढे काय झालं ते मला लॉर्ननं सांगितलं, आणि नंतर ग्वेननंही. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच, की लॉर्न मधेमधे थांबत होता.

"छान झालंय," डेल म्हणाले. "आणि त्या लॅटिनच्या बाबतीतही तुमचे आभार मानायला हवेत, लॉर्न. खरं सांगतो, मला वाटलं होतं तुम्ही मंडळी आम्हाला सोलून काढणार. बायको म्हणाली, हेल्मेट घालून जा. आणि तुम्ही तर एकमतानं दिलंत."

कसली लॅटिन, हे शब्द लॉर्नच्या ओठांपर्यंत आले. शेजारी बसलेल्या ग्वेननं त्याच्याकडे पाहिलं, त्याचा चेहरा पाहिला, आणि आपल्यापुढचं पान त्याच्याकडे सरकवलं. लॉर्ननं ते तिथे, त्या टेबलाशी पहिल्यांदा वाचलं. तो मला म्हणाला, की चाळिशीतल्या माणसाला पायजम्यात बाजारात उभं केल्यासारखं झालं. तो तेव्हा साठीचा होता, पण मी दुरुस्त केलं नाही.

डेल अजून बोलत होते. काकडीचा तुकडा त्यांच्या बोटांत होता आणि ते तो खात नव्हते.

"मीही शाळेत दोन वर्षं लॅटिन केली. आमच्या बाई रागवायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. एक शब्द आठवत नाही आता, पण ते बघणं आठवतं. तेव्हा हे बंद करताना मला काही मजा येत नाहीये. एक वर्षानं आपलं काही बिघडणार नाही. प्राध्यापकांच्या मनात जरासुद्धा शंका असेल तर थांबू. तुम्ही सांगा, लॉर्न. आहे शंका?"

आम्ही वाचलं नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं. डेल हसले असते, दोन-चार विश्वस्तांनी टोमणा मारला असता, आणि लॅटिन वर्षभर वाचली असती. पण लॉर्नच्या हातात निवेदन होतं. त्यातला तिसरा परिच्छेद त्यानं नुकताच, आवाज खाली आणून, वाचला होता: प्राध्यापक आपल्यापुढे आलेल्या प्रत्येक विषयाचा सखोल विचार करतात. हा परिच्छेद मिळवण्यासाठी त्यानं किती स्वयंपाकघरांतली पातळ कॉफी प्यायली होती. आत्ता खरं बोललो तर ही माणसं पुन्हा कधी आपल्याला विचारणार नाहीत, असं त्याला वाटलं. संस्थेसाठी गप्प बसलो, असं तो मला म्हणाला. 'संस्थेसाठी' हा शब्द त्यानं त्या दुपारी तीनदा वापरला, आणि तिसऱ्यांदा वापरताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

"प्राध्यापक सभेनं पूर्ण विचार करून निर्णय घेतला आहे," लॉर्न म्हणाला.

"मग झालं," डेल म्हणाले, आणि काकडी खाल्ली.

हात वर झाले. बैठक संपल्यावर डेलनी लॉर्नचा हात आपल्या पंजात घेऊन बराच वेळ हलवला. कारभार असा चालला पाहिजे, असं ते म्हणाले. ग्वेन दारापर्यंत लॉर्नबरोबर आल्या. त्यांनी बोलावं अशी त्याची फार इच्छा होती.

तिथून तो थीडाकडे जायला हवा होता. तो माझ्या अंगणात आला. मी पानं गोळा करत होतो. त्यानं न विचारता दुसरं दाताळं घेतलं आणि आधीच गोळा केलेला ढीग पुन्हा गोळा करायला लागला. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, की नियमांप्रमाणे डिसेंबरात ठराव मागे घेता येईल, दोन तृतीयांश मतं मिळाली तर. मी विचारलं, विश्वस्तांचा ठरावही आपण मागे घेऊ शकतो का? तो म्हणाला, नाही. मग थोड्या वेळानं म्हणाला, पण तत्त्व म्हणून तरी.

मी त्याच्या हातातून दाताळं काढून घेतलं आणि त्याला जायला सांगितलं.

जुन्या जिमखान्याच्या वरच्या खोलीत थीडा पुस्तकं उतरवत होती. तिला कळलं होतं. कसं, तर ग्वेनच्या कचेरीतल्या मुलीनं प्रेमानं फोन करून विचारलं होतं, की किती खोकी पाठवू. कुलूपवाल्यापेक्षा एक पायरी वर, असं म्हणायचं.

"या, सभापती," थीडा म्हणाली. "तुम्ही स्वतः जिने चढून आलात म्हणजे बातमी शिळी झाली असणार."

खोलीत दोनच खुर्च्या. एका खुर्चीवर पुस्तकांची चळत होती, म्हणून लॉर्न न बघताच दुसऱ्या खुर्चीवर बसला आणि बोलायला लागला. त्यानं माफीची तयारी केली होती. पहिला मुद्दा, सभापती म्हणून जबाबदारी सर्वस्वी त्याची. दुसरा मुद्दा, सातवा विषय यादीत घालायला त्यानंच सांगितलं. दुसऱ्या मुद्द्याला दोन पोटमुद्दे होते. थीडानं पुस्तक छातीशी धरून पोटमुद्द्यांपर्यंत ऐकून घेतलं.

"अनुमोदन मी दिलंय, लॉर्न," ती म्हणाली. "इतिवृत्तात माझं नाव आहे. मी तीस वर्षं पोरांना ओरडून सांगतेय, वाक्य शेवटपर्यंत वाचा, लॅटिनमध्ये क्रियापद शेवटी येतं, तोवर कोण जिंकलं अन् कोण मेलं ते कळत नाही. आणि मी स्वतः नुसता मथळा वाचला. खोली बदलणार म्हणून फडताळांची मापं घेऊन ठेवली होती मी. सांगू नकोस कुणाला."

तिनं हे हसून म्हटलं, पण तिची मान लाल झाली होती. लॉर्नला वाटलं, आता उठावं. दोघांची चूक झाली, दोघांनी कबूल केली, संपलं. तो उठलाही असता. पण थीडा पुस्तकावरची धूळ बाहीनं पुसत पुढे बोलली.

"माझं काही नाही. मी निवृत्त होईन, त्या तुझ्या शेजाऱ्यासारखी मागे बसून वड्या खाईन. माझ्या वर्गातल्या त्या तिघी पोरी आहेत ना, त्यांचं वाटतं. जूननंतर एकच वर्ष राहतं त्यांचं. वर्षभर मिळालं असतं ना, तर पदवी घेऊन बाहेर पडल्या असत्या. पण ते कोण देणार."

लॉर्न गप्प बसू शकला असता. तिथे ग्वेन नव्हत्या, डेल नव्हते, आणि थीडाला ते कधी कळलंही नसतं. मी त्याच्याबद्दल एवढं तरी सांगेन, की या वेळी तो गप्प बसला नाही.

"देत होते," तो म्हणाला. "डेलनी विचारलं. मला. शंका असेल तर वर्षभर थांबू म्हणाले."

"मग?"

"मी म्हणालो, पूर्ण विचार करून घेतलाय निर्णय."

थीडानं पुस्तक खोक्यात ठेवलं. नीट, कडेला. मग दुसरं उचललंच नाही. खाली जिमखान्यात कुणीतरी एकटंच चेंडू आपटत होतं, आणि त्याचा आवाज जमिनीतून वर येत होता.

ती शांतता लॉर्नला सोसवेना, आणि शांतता सोसवली नाही की तो जे करतो तेच त्यानं केलं. तो बोलायला लागला. सभापतिपदाचा राजीनामा देणार म्हणाला. पूर्ण सभेपुढे उभा राहून, आपण खोटं बोललो, हे सांगणार. डेलच्या घरी जाणार, तिथेही सांगणार. निवेदनाचा तिसरा परिच्छेद स्वतःच्या हातानं खोडणार. नुसता परिच्छेद कशाला, संमतीच्या यादीची प्रथाच बंद करावी असा प्रस्ताव आणणार, म्हणजे पुन्हा कधी कुणावर ही वेळ येणार नाही. बोलता बोलता त्याचा उजवा हात किंचित वर गेला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. थीडानंही मला सांगितलं, की ते खरं होतं.

खिडकीबाहेर अंधारून यायला लागलं होतं. थीडानं त्याचं बोलणं पूर्ण होऊ दिलं.

"झालं सांगून?" तिनं विचारलं.

"झालं."

"मग जरा ऊठ, लॉर्न," ती म्हणाली. "तू माझ्या कोटावर बसलायस."